नुसतं ठेवलेलं मशीन बिघडतं कसं?

‘डिसेंबरात खुंटीला टांगलं तेव्हा चांगलं चालू होतं. त्यानंतर कुणी हात लावला नाही, कुठे आपटलं नाही. मग आता दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी साधं फुरफुरत नाही, असं कसं?’

ऑगस्ट उजाडला की कोकणात बागायतदारांच्या तोंडी हा प्रश्न येतो. आंबा-काजूच्या बागेत गवत कमरेला लागलेलं असतं, बेणणीला माणसं मिळत नाहीत, चार दिवस उघडीप मिळालेली असते आणि नेमका त्याच सकाळी ग्रासकटर रुसतो. गॅरेजसमोर तोवर दहा-बारा मशीनं रांगेत पडलेली असतात.

प्रश्न अगदी रास्त आहे. वापरलेली वस्तू झिजते हे आपल्याला कळतं, पण न वापरलेली का बिघडावी? याचं उत्तर समजून घेतलं तर दहातली बरीच मशीनं गॅरेजची पायरी न चढता अंगणातच सुरू होतील, असं मला अनुभवाने वाटतं. म्हणून हे प्रकरण थोडं सविस्तर लिहितो.

खांद्याला अडकवायचं हे यंत्र तसं नवीन आहे. गवत कापायचं पहिलं यंत्र १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी केलं. कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्यांना ते सुचलं होतं. नायलॉनच्या दोरीने गवत झोडपायची कल्पना अमेरिकेत टेक्सासमधल्या जॉर्ज बॅलस यांची, १९७१ सालची. मोटार धुणारे फिरते ब्रश पाहताना ती त्यांच्या मनात आली. आज आपल्या बागेत आहे तो ग्रासकटर आणि बंगल्याच्या हिरवळीवर ढकलत न्यायचं पेट्रोलचं मशीन, दोघांचं इंजिन एकाच कुळातलं. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं दोन्हींना लागू आहे.

१. चूल आणि सायकलचा पंप

चूल पेटवायला तीन गोष्टी लागतात : सुकं लाकूड, वारा आणि काडी. इंजिनालाही पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. त्याखेरीज चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे दाब. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा धरून दांडा दाबला की आतली हवा घट्ट होते, गरम होते आणि दांड्याला उलट ढकलते. इंजिनातला दट्ट्या हेच करतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण असं घट्ट दाबल्यावर ठिणगी पडली, तरच दणका बसतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा तपास तिच्यावर उभा आहे. पातळ पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि तीही कशीही जळत नाही. शंभर भागांत वाफ साधारण दीड भागापेक्षा कमी असेल तर ठिणगी पडूनही काही होत नाही, आणि साडेसात भागांच्या वर गेली तरीही काही होत नाही. भाकरीच्या पिठासारखंच हे. पाणी कमी पडलं तर पीठ फुटतं, जास्त झालं तर चिकटतं.

हवा किती लागते याचा हिशोब करून पाहू. १ लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. ते पूर्ण जळायला वजनाने सुमारे १५ पट, म्हणजे ११ किलो हवा लागते. १ घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो, म्हणजे ही झाली ९ घनमीटर हवा, ९,००० लिटर! गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीसारख्या नऊ टाक्या. एवढी हवा त्या तळहाताएवढ्या फिल्टरमधून आत जाते. फिल्टर गवताच्या भुशाने माखला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

२. दोरीला हात घालण्याआधी

पाना उचलण्यापूर्वी दोन मिनिटं नुसतं पाहा. बंद-चालूचं बटण ‘चालू’वर आहे ना? ढकलायच्या मशीनला पेट्रोलची तोटी असते, ती उघडली आहे ना? ग्रासकटरच्या कार्बोरेटरखाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या भागाखाली, पारदर्शक रबरी फुगा असतो. तो सात-आठ वेळा दाबला की त्यात पेट्रोल चढताना दिसतं. दिसलं नाही तर टाकीपासून फुग्यापर्यंतच्या नळीत काहीतरी अडलं आहे. नळी कडक होऊन चिरली असेल किंवा टाकीत बुडलेला छोटा फिल्टर चोंदला असेल. फुगाच चिरला असेल तर दाबूनही उपयोग नाही, नवा बसवायचा.

टाकीच्या झाकणाकडेही पाहा. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी म्हणून टाकीला बारीक वाट ठेवलेली असते, बऱ्याचदा ती झाकणातच असते. ती बुजली की टाकीत ओढ निर्माण होते आणि पेट्रोल अडून बसतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल जसं गचके खात पडतं, तसंच. अशा वेळी झाकण सैल करून दोरी ओढा. मशीन सुरू झालं तर दोष सापडला.

दोरी ओढण्याचीही रीत आहे. आधी ती जड लागेपर्यंत हळू ओढायची आणि मग तिथून झटका द्यायचा. हळूहळू ओढत राहिलात तर या इंजिनात ठिणगीच पडत नाही. का, ते पुढे येईल.

आणि चोक! सर्वाधिक घोळ इथे होतो. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप. ती लावली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते म्हणून सुरुवातीला हे जास्तीचं पेट्रोल लागतं. पण इंजिन एकदा खोकलं, ‘फट्’ असा एकच आवाज झाला, की त्याचं पोट भरलं असं समजावं आणि चोक काढावा. तो खोकला ऐकू न आल्यामुळे आपण चोक लावूनच आणखी वीस वेळा दोरी ओढतो आणि इंजिन पेट्रोलने तुडुंब करून ठेवतो.

३. प्लगची साक्ष

आता प्लग काढा. इंजिनाच्या पोटात काय चाललंय हे बाहेरून सांगणारा हा एकमेव साक्षीदार आहे, आणि तो खोटं बोलत नाही.

दहा वेळा दोरी ओढल्यावरही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल आत पोचतच नाही. ठिणगीच्या मागे लागू नका, टाकी-नळी-कार्बोरेटर या वाटेने जा. प्लग ओला, पेट्रोलचा वास मारणारा असेल, तर पेट्रोल पोचतंय, पण एकतर ते जास्त झालंय किंवा ठिणगी नाही. काळा, तेलकट, चिकट असेल तर दोन-स्ट्रोक मशीनमध्ये, म्हणजे ज्याच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात त्यात, ऑइल जास्त पडलंय. चार-स्ट्रोक, म्हणजे ऑइल वेगळं भरायचं मशीन असेल तर ते आडवं ठेवल्यामुळे तळातलं ऑइल वर चढलं असेल.

इंजिन तुडुंब झालं असेल तर उपाय सोपा आहे. प्लग बाहेर, चोक उघडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्लगचं भोक खालच्या बाजूला, आणि आठ-दहा वेळा दोरी. आतलं पेट्रोल बाहेर येईल. मग पंधरा मिनिटं वाळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरून राहते. म्हणून जिथे पेट्रोल सांडलं तिथे मशीन सुरू करू नका. चार पावलं दूर, मोकळ्यावर न्या.

ठिणगी पाहायची असेल तर प्लग कोरडा करून टोपीत बसवा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून धरा. प्लगचं भोक फडक्याने झाका आणि प्लग त्यापासून लांब ठेवा. हे सावलीत करा, सांडलेलं पेट्रोल आसपास नको. दुसऱ्या माणसाने दोरी ओढायची. निळी, टक् टक् आवाज करणारी ठिणगी चांगली, पिवळट आणि मरतुकडी ती वाईट. प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावी.

पण या तपासणीवर पूर्ण विसंबू नका. बाहेर मोकळ्या हवेत १ मिलिमीटर फट ओलांडायला सुमारे ३,००० व्होल्ट पुरतात. आत दाबलेल्या हवेत तीच फट ओलांडायला कितीतरी पट जास्त दाबाची वीज लागते. थकलेला प्लग किंवा त्याला वीज पुरवणारी कॉइल बाहेर ठिणगी दाखवते आणि आत गप्प बसते. म्हणून एक नवा प्लग घरात असावाच. संशय आला की बदलून पाहायचा.

आता माझी सर्वात आवडती चाचणी. प्लगच्या भोकातून चार-पाच थेंब, चमचाभर नव्हे, ताजं पेट्रोल आत सोडा. प्लग बसवा, चोक काढून ठेवा, दोन-तीन झटके द्या. मशीन दोन सेकंद गरजून बंद पडलं तर आनंद माना. ठिणगी ठीक आहे, दाब ठीक आहे, दोष फक्त पेट्रोलच्या वाटेत आहे. एका कृतीत अर्धे संशयित सुटले. काहीच झालं नाही, तर मात्र ठिणगी आणि दाब यांच्याकडे वळायचं.

आपल्याकडे हंगामाच्या पहिल्या दिवशी मशीन दोन सेकंद गरजतं आणि बंद पडतं, हेच बहुतेकदा घडतं. त्याचं कारण मात्र गेल्या डिसेंबरात आहे.

४. पेट्रोल शिळं होतं

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. ते शेकडो घटकांचं मिश्रण आहे. त्यातले काही ३० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, तर काहींना २०० अंश लागतात. थंड इंजिन पेटतं ते या हलक्या, चपळ घटकांच्या जोरावर, आणि टाकीतून आधी उडून जातात तेही हेच. उघड्या डबीतला कापूर जसा न पेटवताच संपतो, तसं हे होतं. डिसेंबर ते ऑगस्ट या आठ-नऊ महिन्यांत मध्ये एप्रिल-मेचा उन्हाळा येतो. मागे उरतं ते जड, आळशी पेट्रोल. शिवाय हवेशी संयोग होऊन त्याचा डिंकासारखा चिकट साका बनतो. कार्बोरेटरमधल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकात तो साका बसला की ते भोक बुजलंच.

यात आता पाण्याची भर पडली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या आसवन्यांमध्ये उसाची मळी आणि रस यांपासून ते मोठ्या प्रमाणावर तयार होतं. २०२२च्या जूनमध्ये देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर पोचलं, २०२३च्या फेब्रुवारीपासून २० टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर मिळू लागलं आणि २०२५पर्यंत ते देशभर पसरलं. उसाला भाव आणि आयातीत बचत या दृष्टीने त्याचं महत्त्व मला मान्य आहे. मोटारीची टाकी आठवड्याभरात रिकामी होते, तिला याचा त्रास होत नाही. खुंटीला टांगलेल्या ग्रासकटरची गोष्ट वेगळी आहे.

इथेनॉल पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात मीठ ओढतं तसं. आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. थोडं पाणी इथेनॉल पोटात ठेवतं. मर्यादेपलीकडे गेलं की ते पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासोबत तळाशी जाऊन बसतं. वर पेट्रोल, खाली पाणी आणि इथेनॉल, असे दोन थर होतात.

हे डोळ्यांनी पाहता येतं. मोकळ्या अंगणात, विस्तवापासून दूर, काचेच्या मापाच्या नळकांड्यात १०० मिलि पेट्रोल घ्या आणि त्यात १० मिलि पाणी घाला. हलवून दहा मिनिटं ठेवा. साधं पेट्रोल असतं तर खाली १० मिलिचाच थर दिसला असता. २० टक्के इथेनॉल असेल तर खालचा थर वाढून ३०च्या जवळ जातो, कारण बहुतेक सगळं इथेनॉल पाण्याकडे गेलं. हे पेट्रोल पुन्हा मशीनमध्ये ओतायचं नाही.

टाकीतला फिल्टर तळाशी असतो, म्हणजे इंजिनाच्या तोंडी पहिला घोट जातो तो या खालच्या थराचा. तो पेटत नाही, म्हणून मशीन सुरू होत नाही. पण याहून मोठा धोका दोन-स्ट्रोक मशीनला आहे. त्याला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधून, आणि ते ऑइल राहतं वरच्या पेट्रोलच्या थरात. खालचा थर म्हणजे ऑइल नसलेला. दोरी ओढून, हट्टाने असं मशीन सुरू केलंच, तर दट्ट्या कोरडा घासतो आणि जाम होतो. माझं पहिलं मशीन असंच गेलं. म्हणून कळकळीने सांगतो : हंगामाच्या पहिल्या दिवशी टाकीतलं जुनं पेट्रोल ताज्यात मिसळून ‘संपवू’ नका. बाटलीत काढून ठेवा, टाकी थोड्या ताज्या मिश्रणाने विसळा, मग भरा.

मिश्रणाचा हिशोबही एकदा करून ठेवू. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर १,००० भागिले ५०, म्हणजे १ लिटरला २० मिलि ऑइल. २५:१ असेल तर ४० मिलि. ५ लिटरच्या कॅनला अनुक्रमे १०० आणि २०० मिलि. बाटलीच्या बुचाने अंदाजे ओतू नये, औषधाचं माप वापरावं. चार-स्ट्रोक मशीनला ऑइल भरायचं वेगळं तोंड असतं, त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही.

५. कार्बोरेटर : फ्लिटचा पंप

ढेकूण-डास मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवतो? पुढच्या बारीक नळीवरून वारा वेगाने गेला की डब्यातलं औषध आपोआप वर येऊन फवारा व्हायचा. कार्बोरेटर तेच करतो. हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि जेटच्या भोकातून पेट्रोल ओढलं जातं.

ढकलायच्या मशीनमध्ये पेट्रोलची पातळी राखायला शौचालयाच्या फ्लशच्या टाकीसारखा तरंगता फुगा असतो. ग्रासकटर मात्र चढावर, उतारावर, कसाही तिरपा होतो, तिथे तरंगतं काही चालणार नाही. म्हणून त्यात पातळ लवचीक पडदे असतात. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या पोटातली हवा आत-बाहेर होते तसा एक पडदा हलतो आणि इवल्याशा पंपासारखं पेट्रोल ओढतो. हा पडदा नवा असताना मऊ असतो. पेट्रोलात भिजून, सुकून, पुन्हा भिजून तो पापडासारखा कडक होतो आणि मग पंप चालत नाही.

कार्बोरेटर खोलायचा असेल तर आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. चार स्क्रू, एक झाकण, पडदा आणि त्याची पातळ गॅस्केट कुठल्या क्रमाने होती, ते लक्षात राहत नाही. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा. जेटच्या भोकात तार किंवा सुई खुपसू नका. ते भोक मोजून पाडलेलं असतं, केसाएवढं मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. फवारा आणि पंपाची हवा यांनी साका निघाला नाही तर रात्रभर भिजत ठेवा. पडदा कडक वाटला तर पडदे-गॅस्केटचा संच बाजारात मिळतो, कार्बोरेटर फेकायची गरज नाही. बाहेरच्या बाजूचे जुळणीचे स्क्रू मात्र उगाच फिरवू नका. डिसेंबरात मशीन त्याच जुळणीवर चालत होतं.

६. वाट बुजली असेल तर

एअर फिल्टर स्पंजाचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. कागदी असेल तर झटकायचा, धुवायचा नाही.

सायलेन्सरकडे कुणाचं लक्ष जात नाही. धूर बाहेर पडला नाही तर नवी हवा आत येणार कशी? दोन-स्ट्रोकमध्ये त्याच्या तोंडावरची जाळी काजळीने भरते. कुंभारमाशी तर टांगलेल्या मशीनच्या त्या भोकात चिखलाचं घर करते आणि ते मडक्यासारखं कडक होतं. एक कोरडी काडी घालून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

७. ठिणगीच नसेल तर

या मशीनला बॅटरी नसते. चुंबक बसवलेलं चाक कॉइलशेजारून वेगाने जातं आणि तारेत वीज उमटते. हलत्या चुंबकाने वीज उपजते हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलं होतं, तेच तत्त्व आपल्या खांद्यावर आहे. चाक जितकं वेगात, तितकी वीज जोरात. दोरीला झटका का हवा, ते आता कळलं असेल.

बटण ‘बंद’ करतो तेव्हा आपण वीज तोडत नाही, उलट ती प्लगकडे जाण्याआधीच इंजिनाच्या अंगात मुरवतो. त्यामुळे बटणाची तार कुठे सोलली असेल, उंदराने कुरतडली असेल आणि धातूला टेकत असेल, तर मशीनला वाटतं की बटण कायम बंदच आहे. नवी कॉइल घेण्याआधी ही तार तपासा. चाकावरच्या चुंबकाला गंज आला असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. चुंबक आणि कॉइल यांच्यातली फट साधारण ०.३ मिलिमीटर असते. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळला की ती बरोबर बसते.

ढकलायच्या मशीनचं पातं दगडावर आपटून ते बंद पडलं असेल, तर एक वेगळाच दोष संभवतो. चाक दांड्यावर जागच्या जागी राहावं म्हणून एक मऊ धातूची चावी असते. धक्क्याने ती सरकते. ठिणगी पडते, पण चुकीच्या क्षणी. झोपाळा पुढे येत असतानाच त्याला समोरून धक्का दिला तर काय होतं, तसं इंजिनाचं होतं. चावी दोन-चार पैशांची वस्तू, पण ती बदलताना पात्याच्या बाजूला हात जातो, तेव्हा प्लगची टोपी आधी काढून ठेवा. खरं तर पात्याला हात लावण्याच्या प्रत्येक वेळी.

८. दोरी हलकी लागली तर

दोरी ओढताना जिथे जड लागायला हवं तिथेही ती लोण्यातून गेल्यासारखी आली, तर दाब गेला आहे. प्लग नीट आवळला आहे का, तेवढं पाहा. आवळलेला असूनही दाब नसेल तर दट्ट्याच्या कड्या किंवा सिलिंडर झिजला आहे, किंवा चार-स्ट्रोकची झडप बसत नाही. इथे मात्र मिस्त्रींकडे जावं. जाताना, ‘चालू होत नाही’ एवढंच न सांगता, ‘प्लग ओला आहे, ठिणगी निळी आहे, पेट्रोल ताजं आहे, दोरी हलकी येते’ असं सांगा. त्यांचा अर्धा तास वाचेल आणि तुमचा फेरा.

९. डिसेंबरातली पंधरा मिनिटं

शेवटचं गवत कापून झालं की टाकी रिकामी करा. मग मशीन सुरू करून कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. रबरी फुगा दाबून पुन्हा एकदा सुरू करा, पुन्हा बंद पडू द्या. थंड झाल्यावर प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडा आणि दोन वेळा हळू दोरी ओढा, म्हणजे ते सिलिंडरभर पसरेल. प्लग परत बसवा. सायलेन्सरच्या तोंडावर फडकं बांधा आणि त्याची एक रंगीत चिंधी बाहेर लोंबू द्या, म्हणजे ऑगस्टात काढायचं विसरणार नाही. मग दोरी सावकाश ओढत, जिथे जड लागेल तिथेच सोडा. तिथे दट्ट्या वर चढलेला असतो, सायलेन्सरकडची वाट त्याने झाकलेली असते आणि पावसाळ्याची ओल आत शिरत नाही.